शिष्यवृत्ति आणि सल्ला

शिष्यवृत्ति हा शब्द उच्चारतांच डोळ्यांपुढें एक हुशार मुलगा, एक परीक्षा आणि एक बक्षीस असें चित्र उभें राहतें. परंतु शिष्यवृत्तीचा व्यवहार इतका सरळ नाहीं. शिष्यवृत्ति मिळते ती विद्यार्थ्याला. तिच्यासाठीं धांवपळ करावी लागते ती मात्र सबंध कुटुंबाला. उत्पन्नाचा दाखला आणावयाचा तो वडिलांनीं; जुनी नोंद शोधावयाची ती आजोबांच्या गांवीं; बँकेंतलें खातें नीट करून घ्यावयाचें तें आईनें कामावरून सुटी काढून. यांपैकीं एक दुवा निखळला, तर चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झालेल्या मुलाच्याहि हातीं कांहीं लागत नाहीं. तेव्हां शासनानें पैसे देऊं केले एवढ्यानें त्याचें कर्तव्य पुरें होतें, कीं त्या पैशांपर्यंत पोंचण्याची वाट कुटुंबाला दाखविणें हाहि त्या कर्तव्याचाच भाग आहे, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे.

ठाण्याच्या कोपरी भागाचें उदाहरण घेतलें म्हणजे या प्रश्नाचें स्वरूप स्पष्ट होतें. १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्यास पहिली आगगाडी आली. त्या लोहमार्गाच्या पूर्वेस कोपरी वसली आहे. येथें जुन्या गांवकऱ्यांचीं घरें आहेत. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत आहे. आणि पुढें घाटावरून, कोंकणांतून, मराठवाड्यांतून व परप्रांतांतून पोटासाठीं आलेल्यांचीं बिऱ्हाडें आहेत. जिल्हाधिकाऱ्यांची कचेरी व शहरांतील जुनीं महाविद्यालयें रुळांच्या पश्चिमेस. अंतर म्हणावें तर थोडें. पूल ओलांडला कीं झालें. पण कचेरीच्या वेळांत तो पूल ओलांडणें म्हणजे रोजंदारीवरच्या माणसाला एक दिवसाची मजुरी सोडणें होय. एका कागदासाठीं तीन खेपा झाल्या, तर तीन दिवसांची मजुरी गेली.

शिवाय अर्जाचा नमुना सर्वांना एक असला, तरी अडचण प्रत्येकाची निराळी असते. जुन्या गांवकऱ्याच्या आजोबांचें नांव जवळच्याच शाळेच्या नोंदवहींत सांपडूं शकतें. साताऱ्याहून आलेल्या कुटुंबाला त्यासाठीं साताऱ्यास जावें लागतें. सिंधी कुटुंबाचे जुने कागद फाळणीच्या वेळीं मागेंच राहिले. आणि दुसऱ्या राज्यांतून आलेल्या कुटुंबाची जात तेथील यादींत असली, तरी तिच्या आधारें महाराष्ट्रांतील सवलत मिळेलच असें नाहीं. छापील पत्रक चौघांनाहि तेंच सांगतें. सल्लागार मात्र प्रत्येकाला त्याच्या घरचें सांगतो. माहिती आणि सल्ला यांत भेद आहे तो हाच.

हा भेद महाराष्ट्राला पूर्वीपासून ठाऊक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ सालीं मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हां त्यांच्यावर लोभ करणारे एक शिक्षक मुंबईंत होते. त्यांचें नांव कृष्णराव अर्जुन केळुसकर. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड गुणी विद्यार्थ्यांना साहाय्य करतात, हें जाणून केळुसकर गुरुजींनीं या विद्यार्थ्यासाठीं शब्द टाकला, आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळून महाविद्यालयाचें शिक्षण पुढें चालूं राहिलें. १९१३ सालीं बडोदें संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत दाखल झाले. ती शिष्यवृत्ति दरमहा साडेअकरा पौंडांची व तीन वर्षांची होती. महाराजांचें औदार्य मोठें, विद्यार्थ्याची बुद्धि त्याहूनहि मोठी. परंतु या दोहोंच्या मध्यें केळुसकर उभे नसते, तर दोघांची गांठ कशी व केव्हां पडली असती, हें कोण सांगणार?

प्रत्येक मुलाला केळुसकर गुरुजी भेटतील, असा भरंवसा कोणी धरूं नये. म्हणूनच व्यक्तीच्या सद्भावनेला संस्थेचें रूप द्यावें लागतें. कोल्हापुरांत राजर्षि शाहू महाराजांनीं १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठीं वसतिगृहें उभी करण्यास साहाय्य केलें, त्याचें मर्म हेंच होतें. खेड्यांतून आलेल्या मुलाला वसतिगृहांत जेवण व निवारा तर मिळेच. पण त्याहून अधिक म्हणजे, शहराच्या रीतिभाती जाणणारें माणूसहि तेथें मिळे. मुंबई सरकारनें १९२८ सालीं स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखालीं एक समिति नेमली. तिचे एक सभासद स्वतः डॉ. आंबेडकर होते. १९३० सालच्या तिच्या अहवालांतून मागासलेल्या वर्गांसाठीं स्वतंत्र अधिकाऱ्याची व स्वतंत्र खात्याची कल्पना पुढें आली, आणि १९३२ सालीं मुंबई इलाख्यांत तें खातें सुरू झालें. आजचा समाजकल्याण विभाग हा त्याचाच वंशज होय. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठीं अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना द्यावयाची हिंदुस्थान सरकारची शिष्यवृत्ति १९४४ सालीं चालूं झाली. तेव्हां डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयांच्या कार्यकारी मंडळांत होते. पुढें १९५९ मध्यें द्विभाषिक मुंबई राज्यांत आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांसाठीं फीमाफी आली. ई. बी. सी. या तीन अक्षरांनीं ती घरोघर ओळखली जात असे. योजनांचा ओघ असा सतत वाढत गेला. त्या समजावून सांगणारा माणूस मात्र त्या वेगानें वाढला नाहीं.

सरकारनें सल्ला देऊं केला म्हणजे लोक तो आपोआप घेतात, असेंहि नाहीं. याचें एक उद्बोधक उदाहरण इंग्लंडांतील आहे. तेथें शिकणाऱ्या हिंदी विद्यार्थ्यांसाठीं भारतमंत्र्यांनीं १९०९ सालीं टॉमस अर्नोल्ड या विद्वानाला शैक्षणिक सल्लागार नेमलें आणि माहितीचें एक कार्यालय काढलें. कोणत्या विद्यापीठांत प्रवेश मिळेल, राहण्याची सोय कोठें होईल, खर्च किती येईल, हें विद्यार्थ्यांना व त्यांच्या पालकांना सांगणें हें त्याचें काम. हेतु उपयुक्त होता. पण काळ राजकीय संशयाचा होता. हें कार्यालय आपल्याला मदत करण्यासाठीं आहे कीं आपल्यावर पाळत ठेवण्यासाठीं, अशी शंका पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटे, आणि ती त्यांच्या मनांतून कधीं पुरती गेली नाहीं. १९२१ सालीं लिटन यांच्या अध्यक्षतेखालीं नेमलेल्या समितीला हिंदी विद्यार्थ्यांच्या स्थितीची पुन्हां पाहणी करावी लागली. यांतून निघणारा बोध साधा आहे. सल्ला देणारा आणि तपासणारा हे दोघे एकाच खुर्चींत बसले, तर लोक त्या खुर्चीपाशीं मोकळेपणानें बोलत नाहींत. ज्या खिडकींत अर्ज नाकारला जातो, त्याच खिडकींत ‘माझी अडचण काय, तें सांगा’ असें म्हणण्याचें धैर्य गरिबाला होत नाहीं.

आतां आजच्या व्यवस्थेकडे वळूं. महाराष्ट्रांत बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी या संकेतस्थळावरून भरले जातात. अर्ज प्रथम महाविद्यालयाचा लिपिक तपासतो, नंतर तो संबंधित खात्याच्या जिल्हा कचेरींत जातो, आणि मंजुरीनंतर रक्कम आधार क्रमांकाशीं जोडलेल्या बँक खात्यांत पडते. दलालाच्या हातांतून पैसा सुटला, हा या पद्धतीचा निःसंशय लाभ. पण पूर्वीं लिपिक तोंडानें सांगत असे कीं ‘हा कागद राहिला आहे, उद्यां आण.’ आतां तीच गोष्ट पडद्यावर एका ओळींत उमटते. ती ओळ मुलानें वेळेवर पाहिली नाहीं, तर दुरुस्तीची मुदत निघून जाते आणि वर्ष फुकट जातें.

कुटुंबें अडखळतात तीं मुख्यतः चार ठिकाणीं. पहिलें ठिकाण जातीच्या पुराव्याचें. अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठीं ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाति व भटक्या जमातींसाठीं २१ नोव्हेंबर १९६१, आणि इतर मागास वर्गांसाठीं १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वींचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा महाराष्ट्रांत पाहिला जातो. असा पुरावा पुष्कळदां आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरांत किंवा तहसील कचेरींतील जुन्या जन्ममृत्यूच्या नोंदींत असतो. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलाला पुढें जात वैधतेचें प्रमाणपत्रहि लागतें. वडिलांकडील रक्ताच्या नातेवाइकाला तें पूर्वींच मिळालें असेल, तर पुरावा बळकट होतो. हें काम बारावीच्या निकालानंतर नव्हे, तर अकरावींतच हातीं घ्यावें, एवढी एक गोष्ट वेळेवर सांगितली गेली, तरी पुष्कळ घरांतील उन्हाळ्याची घालमेल वांचेल.

दुसरें ठिकाण उत्पन्नाच्या दाखल्याचें. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ सालीं झाला. त्यानुसार अधिसूचित सेवा ठराविक दिवसांत मिळणें हा नागरिकाचा हक्क आहे. विलंब झाल्यास अपील करतां येतें, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. या कायद्याचा उपयोग करावयाचा, तर अर्जाची पोंच जपून ठेवली पाहिजे. हें सांगणाराहि कोणीतरी लागतोच.

तिसरें ठिकाण बँकेच्या खात्याचें. मुलाचीं दोन खातीं असलीं, तर रक्कम त्यानें अर्जांत लिहिलेल्या खात्यांत नव्हे, तर आधाराशीं शेवटीं जोडलेल्या खात्यांत जाते. ‘शिष्यवृत्ति आलीच नाहीं’ अशी तक्रार करणाऱ्या घरांपैकीं कांहींची रक्कम दुसऱ्याच, विसरलेल्या खात्यांत पडून असते.

चौथें ठिकाण सर्वांत नाजूक. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२१ सालीं मोठा बदल झाला. केंद्राचा वांटा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के ठरला, आणि केंद्राचा वांटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यांत जाऊं लागला. कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यांत आली. निर्वाहासाठीं मिळणारी रक्कम अभ्यासक्रमाच्या गटावर अवलंबून होती : पहिल्या गटांतील वसतिगृहवासी विद्यार्थ्याला वर्षाला १३,५०० रुपये, तर चौथ्या गटांतील घरीं राहणाऱ्याला २,५०० रुपये. पण खात्यांत येणारी सगळी रक्कम निर्वाहाची नसते. तिच्यांत महाविद्यालयाच्या फीचाहि भाग असतो, आणि तो विद्यार्थ्यानें महाविद्यालयांत भरावयाचा असतो. ज्या घरांत आजारपण आहे, भाडें थकलें आहे, तेथें अचानक आलेली रक्कम खर्च होऊन जाणें अगदीं स्वाभाविक आहे. नंतर महाविद्यालय फी मागतें, निकालपत्र अडतें, आणि घरांत अपराधाची भावना पसरते. या कुटुंबानें लबाडी केलेली नसते. त्याला रक्कम येण्यापूर्वीं कोणी दोन शब्द सांगितलेले नसतात, इतकेंच.

मग हे दोन शब्द सांगावयाचे कोणी? शासनानें त्याची कांहीं सोय केली आहे. परंतु पुष्कळ घरांना तिची वार्ता नाहीं. समाजकल्याण विभागाच्या पुढाकारानें २०२२ पासून राज्यांतील महाविद्यालयांत समान संधि केंद्रें स्थापन होऊं लागलीं. शिष्यवृत्तीचे अर्ज, लागणारीं कागदपत्रें व पुढील शिक्षणाच्या संधि यांविषयीं विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणें हा त्यांचा उद्देश. ठाण्यांत समाजकल्याण विभागाची जिल्हा कचेरी आहे. अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याचें काम आदिवासी विकास विभागाकडे असतें आणि त्या विभागाचें जिल्ह्यांतील प्रकल्प कार्यालय शहापूरला आहे. पुण्याच्या बार्टी या संस्थेनें तालुक्यातालुक्यांत समतादूत नेमले. वस्तींत जाऊन योजना समजावून सांगणें हें त्यांच्या कामांपैकीं एक. या सोयींचा उपयोग करून घेणें म्हणजे कोणापुढें हात पसरणें नव्हे. शिष्यवृत्ति ज्या तिजोरींतून येते, त्याच तिजोरींतून या सल्लागारांचा पगार होतो; सल्ला हा शिष्यवृत्तीचाच एक हप्ता आहे, असें कुटुंबानें खुशाल समजावें.

केवळ पत्रकें वांटून हें काम कां भागत नाहीं, याचा पुरावा अमेरिकेंतून मिळाला आहे. तेथें गरीब घरांतील मुलांना उच्च शिक्षणाची वाट दाखविणाऱ्या सरकारी योजना १९६४ व १९६५ पासून चालत आल्या. पुढें २००८ सालीं ओहायो व नॉर्थ कॅरोलिना या राज्यांत कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं एक प्रयोग केला. प्राप्तिकराचें विवरण भरण्यास आलेल्या अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांचे त्यांनीं गट पाडले. एका गटाला शिक्षणाच्या सरकारी मदतीचा अर्ज तेथल्या तेथें भरून दिला. दुसऱ्या गटाला किती मदत मिळूं शकेल ही माहिती तेवढी दिली व अर्ज करण्यास सांगितलें. तिसऱ्याला कांहींच केलें नाहीं. २०१२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या घरांचा अर्ज हातानें भरून दिला, त्यांतील शाळा संपवीत आलेल्या मुलांपैकीं महाविद्यालयांत दोन वर्षें पुरीं करणाऱ्यांचें प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेलें. नुसती माहिती मिळालेल्या गटांत मात्र म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. शेजारीं बसून कांहीं मिनिटें अर्ज भरून देणारा माणूस काय करूं शकतो, हें याहून स्पष्ट कोणत्या शब्दांत सांगावें?

तेव्हां शासनाकडून अपेक्षा करावयाची ती नव्या घोषणेची नव्हे. समान संधि केंद्राच्या दारावर पाटी आहे, तेथें ठराविक वेळीं माणूसहि बसावा. त्याच्यावर अध्यापनाचें ओझें असेल, तर त्यांतून त्याला या कामापुरती मोकळीक असावी. महिन्यांतून एखाद्या रविवारीं वा सायंकाळीं पालकांनाहि भेटतां यावें, म्हणजे कोपरींतील आईला मजुरी बुडवून पूल ओलांडावा लागणार नाहीं. आणि सल्ला देणाऱ्याच्या हातीं अर्ज नाकारण्याचा अधिकार नसावा, म्हणजे तिला मोकळेपणानें बोलतां येईल. यांपैकीं एकाहि गोष्टीला मोठा खर्च नाहीं.

सुशिक्षित कुटुंबांचाहि या कामांत वांटा आहे. पहिला वांटा स्वतःच्या घरापुरता. २०२४–२५ पासून, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतील इतर मागास वर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कांत शंभर टक्के सवलत लागूं झाली. पण ती केंद्रीय प्रवेश प्रक्रियेंतून मिळालेल्या प्रवेशाला. व्यवस्थापनाच्या कोट्यांतून घेतलेल्या प्रवेशाला ती नाहीं. घाईनें प्रवेश घेऊन मग सवलत शोधणारीं घरें मध्यम वर्गांतहि थोडीं नाहींत. दुसरा वांटा शेजाऱ्याचा. घरीं कामाला येणाऱ्या बाईची मुलगी, इमारतीच्या राखणदाराचा मुलगा, दुकानांतला पोऱ्या, यांपैकीं कोणी अकरावींत आहे काय, त्याचा आधार क्रमांक कोणत्या खात्याला जोडला आहे, आजोबांच्या शाळेचा दाखला मिळाला आहे काय, एवढें विचारण्यास पदवी लागत नाहीं. मुलगा पुण्यास शिकावयास गेला व त्याला सरकारी वसतिगृहांत जागा मिळाली नाहीं, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला स्वाधार योजनेंतून पुण्यासारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद आहे, हें एक वाक्य एखाद्या घराचा निर्णय फिरवूं शकतें. हें साहाय्य आपल्याच गांवांत शिकणाऱ्याला नाहीं, हेंहि त्याच वेळीं सांगावें; अर्धवट सल्ला हा न दिलेल्या सल्ल्यापेक्षां अधिक घातक असतो.

शिष्यवृत्तीच्या रकमेचा हिशेब सरकारी वह्यांत सांपडतो. पण एखादा दाखला वेळेवर न मिळाल्यामुळें जी मुलगी महाविद्यालय सोडून दुकानांत उभी राहिली, तिचा हिशेब कोणत्याहि वहींत नसतो. तिच्या वांट्याची रक्कम मंजूर झालेलीच होती; तिच्यापर्यंत पोंचली नाहीं ती केवळ वाट. ती वाट दाखविणारा माणूस नेमणें हें शासनाचें काम आहे. आणि तो नेमला जाईपर्यंत त्याची जागा रिकामी न ठेवणें हें जाणत्या शेजाऱ्याचें.